झिऱ्याचा सोयरा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी मुलाची नोकरी आड आली, मग माझी अब्रू आड आली, आणि शेवटी "आता कशाला उकरायचं" हे वाक्य तोंडात बसून गेलं. पाड्यावरची माणसं जव्हारच्या एस.टी. डेपोत भेटली की अजून मला गुरुजी म्हणतात. काही जण वाकून नमस्कार करतात. त्या नमस्काराने मला चार लोकांत अंग चोरावंसं वाटतं. म्हणून लिहायला बसलो.

आमचा पाडा जव्हार आणि मोखाड्याच्या मध्ये, डांबरी सडक सोडून खाली उतरलं की लागतो. मी तिथलाच. पुढे प्राथमिक शिक्षक झालो, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांवर नोकरी केली आणि निवृत्त होऊन जव्हारला घर बांधलं. आमच्याकडे पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की भिंतींना शेवाळ धरतं आणि वाळत घातलेलं कापड वाळत नाही. ते सगळं पाणी उतारावरून धावत सुटतं, खाली नद्यांना मिळतं, नद्या धरणांना मिळतात आणि धरणं शहराच्या नळांना. होळी आली की आमच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. जलचक्राचा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र. फळ्यावर बाण काढायचो. वर्गातली एक मुलगी एकदा म्हणाली होती, "गुरुजी, यात आमचं घर कुठं हाय?" मी तिला खाली बसवलं.

पाड्याच्या वरच्या अंगाला एका उंबराखाली झिरा होता. झिरा म्हणजे खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा खड्डा, फार तर पाटीएवढा. उन्हाळ्यात वाटीने खरवडून हंडा भरावा लागे. पण तो आटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. होळीआधी झिरा उपसून साफ करायचा मान आमच्या घराकडे होता. घरातली थोरली सून आत उतरायची, पाला-गाळ काढायची, दगड घासून पुन्हा लावायची आणि पहिली कळशी गावदेवाला न्यायची. वर्षभर झिऱ्यावर शब्द चालायचा तो तिचा. कुणी आधी भरायचं, कुणी थांबायचं, बाळंतिणीच्या घरी जास्तीची कळशी द्यायची की नाही, हे ती ठरवायची. पुरुष त्यात बोलत नसत.

माझ्या लहानपणापासून ती सून म्हणजे माझी वहिनी. दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. आई आधीच गेली होती, त्यामुळे मला वाढवलं वहिनीनेच. मी आश्रमशाळेतून सुट्टीला आलो की ती माझ्यासाठी एक अख्खी कळशी बाजूला ठेवायची. ती स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसायची आणि मला दगडावर बसवून पाठीवर पाणी ओतायची. "साहेब व्हनार माजा दीर, त्याला वास नाय यायला पायजे," असं म्हणायची. मी मास्तर झालो, तेव्हापासून तिने मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. त्यात थोडा मान होता, थोडी चेष्टा होती.

झिऱ्याचा आणखी एक नियम होता, आणि सगळं पुढे त्याच्यावरूनच घडलं. झिऱ्यावर आलेल्या तहानलेल्याला थोरल्या सुनेने स्वतःच्या हाताने ओंजळीत पाणी वाढलं, की तो झिऱ्याचा सोयरा. मग तो कोणत्या का गावचा, जातीचा असेना. सोयऱ्याला त्या पाण्यासाठी पुन्हा नाही म्हणायचं नाही. हा नियम वाटसरूंसाठी होता. गुराखी, भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला निघालेली कुटुंबं, वाट चुकलेला एखादा फॉरेस्टचा माणूस, अशांसाठी. हंडाभर पाण्याच्या पलीकडे कुणी काही मागेल असं नियम करणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

मी निवृत्त झालो त्याच सुमारास वरच्या माळावर ठाण्याकडच्या एका शेठने रिसॉर्ट काढायचं ठरवलं. जमीन त्याने एका जुन्या खातेदाराच्या वारसांकडून घेतली होती. कंपाउंड झालं, फाटक झालं, खोल्यांचे पाये झाले. पाणी मात्र लागेना. माळावर जागोजाग बोअर मारले, नुसती धूळ वर आली. शेवटी कुणीतरी त्याला झिऱ्याजवळचा उंबर दाखवला. उंबर असेल तिथे खाली पाणी असतं हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. पण ती जागा पाड्याची. तिथे विहीर खणून मोटर बसवायची तर पाड्याची संमती हवी होती.

शेठ समाजमंदिरात सभेला आला. घरोघर नळ देतो म्हणाला.

"नळ हाय की आमच्याकडं," एक म्हातारा म्हणाला. "सरकारनं दिलाय. चिमण्या बसत्यात त्याच्यावर."

सगळे हसले. शेठही हसला. मग त्याने माळावर पाणी लागत नसल्याचं रडगाणं लावलं.

"त्याला आमी काय करनार, शेठ? कातळाला इचारा," दुसरा म्हणाला.

पुन्हा सभा झाली, पुन्हा नकार आला. त्यानंतर शेठ जव्हारला माझ्या घरी आला. माझा मुलगा तेव्हा बी.ए. करून घरी बसला होता. सकाळी तयार होऊन बाजारात जायचा आणि दुपारी तसाच परत यायचा. शेठने चहा घेतला, मुलाची चौकशी केली आणि म्हणाला, "सुपरवायझर म्हणून असाच मुलगा पाहिजे, गुरुजी. इथली माणसं ओळखणारा. पण आधी रिसॉर्ट तर उभं राहायला हवं."

केवळ मुलासाठी केलं असं म्हणून मला सुटता येईल, पण तेही पूर्ण खरं नाही. मला मनापासून वाटत होतं की आमच्या भागात काहीतरी यायला हवं. माणसं दिवाळीनंतर पोरंबाळं घेऊन भट्टीवर जातात, माझा वर्ग निम्मा रिकामा होतो, हे मी जन्मभर पाहिलं होतं. काम इथेच आलं तर कोण कशाला जाईल? विकास हा शब्द मी भाषणांत वापरायचो आणि तो वापरताना मला चांगलं वाटायचं.

मी शेठला म्हणालो, "सभेत मागू नका. सभेत पुरुष बोलतात आणि झिऱ्यावर पुरुषांचं चालत नाही. दुपारी, बाया पाण्यावर असतील तेव्हा जा. गाडी सडकेवर ठेवा. खालपासून चालत जा. बाटली नेऊ नका. वहिनी असेल तिथे, तिच्याकडे पाणी मागा. भांड्यातून नको, ओंजळीत घ्या. दुसरं काही बोलू नका. परत या."

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच. पुढच्या सभेत सांगा की मी झिऱ्याचं पाणी प्यालोय."

हे मी माझ्या ओटीवर बसून, सुपारी कातरत सांगितलं. त्याला नियम समजावून दिला, आणि तो मोडायचा कसा तेही. खरं तर मोडायचंही नव्हतं. नियम पाळूनच काम होणार होतं.

पुढच्या आठवड्यात मी पाड्यावर गेलो तर वहिनीनेच मला सांगितलं. "तुजा तो शेठ आलता झिऱ्यावर. गाडी नाय, काय नाय. घामानं निथळत होता. माज्याकडं बघून म्हनतो, आजी, पानी. मला तर दयाच आली. एवढा मोटा मानूस, पन तहान लागली की सगळे सारकेच."

"वाढलंस?"

"मग? नाय म्हनू?"

मी म्हटलं, "बरं केलंस."

सभेत शेठ उभा राहिला आणि मी शिकवलेलं वाक्य बोलला. आजींनी स्वतःच्या हाताने वाढलं, असंही त्याने जोडलं. नळावर चिमण्या बसवणाऱ्या म्हाताऱ्याने वहिनीकडे मान वळवली.

"खरं का गं?"

"खरं हाय," ती दारातून म्हणाली. बाया दाराबाहेर बसल्या होत्या. ती उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तिला कळलं होतं की ती अडकली. कुणी अडकवलं ते कळलं नव्हतं. मग म्हणाली, "पाजलंय मी. आता नाय कशी म्हनू? पन शेठ, आमची भांडी आदी भरायची."

"आजी, तुमची भांडी आधी," शेठ म्हणाला.

विहीर झाली, मोटर बसली. पाड्याला खरोखरच एक नळ आला आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याला पाणीही होतं. लोक खूश होते. मुलगा सुपरवायझर झाला. सडकेपासून माळापर्यंत रस्ता झाला, त्यावरून शनिवारी-रविवारी मोठ्या गाड्या येऊ लागल्या. पाड्यातल्या काही पोरांना माळीकाम मिळालं, बायांना भांड्यांचं आणि धुण्याचं. वहिनीच्या सुनेला धुण्याचं काम लागलं. त्या वर्षी ते घर जगायला भट्टीवर गेलं नाही. मी चारचौघांत सांगत सुटलो की बघा, विकास म्हणजे काय असतो.

रिसॉर्ट चाललं, आणि चाललं म्हणून वाढलं. आधी खोल्या थोड्या होत्या, मग वाढल्या. मग हिरवळ आली. मग पोहायचा तलाव आला. मे महिन्यात पाहुण्यांसाठी खोटा पाऊस सुरू झाला. वर पाइप, पाइपांना भोकं, खाली मोठ्याने गाणी लावून माणसं भिजत नाचायची. पावसाचं पाणी जिथे उभं राहत नाही त्या डोंगरावर पंपाने पाऊस पाडत होते. संध्याकाळी त्याच पाहुण्यांना नागलीची भाकर आणि कोंबडीचं भुजिंग वाढायचे, आणि ते म्हणायचे, इथलं साधं जीवन किती छान आहे. हे मला मुलाने हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

माझ्या घरातही तेच चाललं होतं, हे लिहायला हवं. लहानपणी एका तांब्यात आंघोळ करणारा मी. नोकरी लागली तेव्हा बादली आली. पगार वाढला तशी गच्चीवर टाकी आली. मुलाला नोकरी लागल्यावर धुण्याचं मशीन आणि न्हाणीत फवारा. माणसाकडे पैसा आला की तो आधी पाणी सांडायला शिकतो. मी कुणाला दोष देऊ?

दुसऱ्या उन्हाळ्यात झिरा बारीक झाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आटला. नळही कोरडा पडला. पाड्यावर टँकर येऊ लागला. तो कधी आज येई, कधी परवा. विहिरीला मात्र तळाशी थोडं पाणी होतं आणि मोटर ते ओढत होती. आमची भांडी आधी भरायची हे शब्द कुणीच विसरलं नव्हतं, पण शेठ आता पाड्यावर येत नव्हता. त्याच्या वतीने बोलायला येई माझा मुलगा. तो म्हणायचा, "वरून सांगितलंय, बघतो." वर कोण आहे ते त्यालाही माहीत नसावं.

वहिनीची सून सकाळी माळावर जाऊन पांढऱ्या चादरी धुवायची. एकदा वापरलेली चादर, दिसायला स्वच्छच, पण धुवायची. तिथे पाणी पायांवरून वाहायचं. संध्याकाळी घरी येऊन ती टँकरच्या रांगेत हंडा ठेवायची. ती मला एकदा म्हणाली, "मामा, तिथं माजे हात पांढरे व्हतात पान्यानं, नी इथं पोराचं तोंड धुवायला नाय." तिच्या आवाजात तक्रारही नव्हती.

मग पाड्यात भांडण झालं. सभा बसली. मलाही बोलावलं होतं, शिकलेला माणूस म्हणून. एक तरणा मुलगा उठला आणि वहिनीकडे बोट करून म्हणाला, "म्हातारीनं पानी इकलं."

वहिनी उठली. "इकलं नाय रं. पाजलं."

"पाजलं म्हन की इकलं, पानी गेलं ना?"

"गेलं," ती म्हणाली. "नी पाजलं मीच. दुसऱ्या कुनाचं नाव घेऊ नका. माजा दोस."

मी तिथे बसलो होतो. पुढच्या रांगेत, खुर्चीवर. बाकी सगळे खाली सतरंजीवर होते, मला मात्र नेहमीप्रमाणे खुर्ची दिली होती. मी तेव्हा उठून म्हणू शकलो असतो की दोष हिचा नाही, त्या शेठला तहान लावून हिच्याकडे मी पाठवलं. एवढं एक वाक्य. मी त्याऐवजी घसा साफ केला आणि म्हणालो, "आता भांडून उपयोग नाही. टँकर वाढवून मागू." माझं म्हणणं सगळ्यांना पटलं.

त्या होळीला झिरा साफ करायला आमच्या घराला बोलावलं नाही. दुसऱ्या घरची सून उतरली. साफ करायला काही नव्हतंच, कोरडा खड्डा होता. तिने झाडूने पाला लोटला आणि गावदेवाला टँकरच्या पाण्याची कळशी नेली. वहिनी लांब करवंदीच्या जाळीजवळ उभी राहून पाहत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "दगूड उलटा लावलाय तिनं. सांगू का?" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. आता सांगायचा मान नाय."

रिसॉर्टच्या फाटकाजवळ एक नळ होता. कामावरच्या बायांच्या घरच्यांना तिथून एक हंडा भरू द्यायचे. तेवढी सोय माझ्या मुलाने करून घेतली होती, आणि मला तिचा अभिमान वाटायचा. वहिनी तिथे कधी गेली नाही.

मी तिला समजावलं, "अगं, तुझा हक्क आहे. सून काम करते तिथे."

"ज्याला पाजलं त्याच्या दारात भांडं घेऊन जाऊ व्हय?" ती म्हणाली. "मास्तर, तू लई शिकलास, पन एवढं बी नाय कळत?"

ती त्या वयात दरीत उतरायची. खाली नदीच्या डोहात थोडं पाणी राहतं. चढ उभा, माती सुटी. मी दर वेळी म्हणायचो, जाऊ नकोस, मी टँकरचं बघतो. त्या उन्हाळ्यात ती चढावर घसरली. खुबा मोडला. जव्हारला दवाखान्यात ठेवली, मग घरी आणली. त्यानंतर ती खाटेवरच होती.

मी तिला भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. जीपमध्ये बसून वाक्यं जुळवली होती. जीपवाला काहीतरी विचारत होता, मी हो-हो म्हणत होतो. पोहोचलो तेव्हा ती जागी होती. मला पाहून तिने सुनेला हाक मारली, "मास्तरला पानी दे गं."

कोपऱ्यात एकच हंडा होता आणि तो अर्धाही नव्हता. मी म्हणालो, "नको, तहान नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे दिलेलं पाणी वैरीच नाकारतो. "का रं? काय झालं माज्याकडून?"

मी तांब्या घेतला आणि प्यालो. त्याला मातीचा वास होता. सून बाहेर गेली. वहिनी छपराकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "मास्तर, तू शिकलेला हायस. खरं सांग. त्या शेठला मी पाजलं ते चुकलं का?"

याहून सोपी वाट मला कुणी करून दिली नसती. मी म्हणालो, "नाही वयनी. तहानलेल्याला पाजणं कधी चुकत नाही."

तिचा चेहरा जरा सैल झाला. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती म्हणाली, "मला एकच कळत नाय. एवढ्या बाया व्हत्या झिऱ्यावर, तरन्या व्हत्या. तो सरळ माज्याकडंच आला. त्याला कुनी सांगितलं आसंल?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. माहीत असून ती मला बोलायची जागा करून देत होती की काय, असं मला पुष्कळदा वाटतं, आणि तसं असेल तर माझी करणी अजूनच वाईट आहे.

मी म्हणालो, "विचारलं असेल कुणाला तरी."

"आसंल," ती म्हणाली.

निघताना तिने सुनेला सांगितलं की मास्तरला जीपपर्यंत सोडून ये, ऊन आहे. मी पुढच्या गुरुवारी येतो म्हणालो. गुरुवारच्या आधीच सुनेचा फोन आला.

मुलाने नोकरी सोडलेली नाही, मी त्याला सोड म्हणालो नाही. मोटर चालू आहे. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा पाणी पडल्याचा आवाज होतो आणि मी उठून कॉक बंद करायला जातो. बाकी माझ्याकडे ती वाक्यं तेवढी शिल्लक आहेत, जीपमध्ये जुळवलेली. ती तिच्यापुढे बोलायची होती, तिच्याच बोलीत नाही जमलं तरी निदान तिच्याकडे बघून:

वयनी, त्याला तुझ्याकडे मी पाठवला. तू त्याला पाजलंस ते बरोबर होतं, चुकलो मी. सभेत तू माझा दोष स्वतःवर घेतलास आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. मला माफ कर.